‘किंडली डू द नीडफुल’ला आता सुट्टी द्या



व्हिडिओत हा विषय मी दहा मिनिटांत उरकला, पण तो तेवढ्यात मावणारा नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. वाचता वाचता मोबाइल हाताशी ठेवा, कारण शेवटी तुमचेच जुने मेसेज उघडायला सांगणार आहे.

आपल्या मुळशी तालुक्याचं गिऱ्हाईक आता पंचक्रोशीपुरतं राहिलेलं नाही. हिंजवडीचं आयटी पार्क आपल्याच तालुक्यात येतं आणि तिथे देशभरातून माणसं कामाला येतात. लवळ्याला बाहेरच्या राज्यांतली मुलं शिकायला आहेत. पिरंगुटला कारखाने आहेत, त्यांचे परचेस मॅनेजर कधी चेन्नईचे, कधी दिल्लीचे. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाणारी शनिवार-रविवारची गर्दी तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे डबा देणारी ताई असो, आंबेमोहोर विकणारा शेतकरी असो, होमस्टेवाले दादा असोत की फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, दिवसातून दोन-चार इंग्रजी मेसेज लिहावेच लागतात आणि एखादा फोनही इंग्रजीत घ्यावा लागतो.

मग मला हमखास प्रश्न येतो: "सर, माझं इंग्रजी कच्चं आहे, कोणता क्लास लावू?"

माझं मत स्पष्ट सांगतो. धंद्यासाठी तुम्हाला आधी क्लास नको आहे. तुम्ही रोज वापरता ती दहा-बारा इंग्रजी वाक्यं बदलायची आहेत. व्याकरण चुकलं म्हणून गिऱ्हाईक सहसा जात नाही. वाक्य कोरडं, तुटक किंवा हुकूम सोडल्यासारखं लागलं, तर मात्र जातं. आणि का गेलं, ते तुम्हाला कधीच सांगत नाही.

शशी गोडबोलेला कोण नडलं?

२०१२ साली आलेला ‘इंग्लिश विंग्लिश’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दिग्दर्शिका गौरी शिंदे. श्रीदेवीने केलेली शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी घरून लाडू करून विकते. गौरी शिंदे यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे की या कथेमागे त्यांची आई आहे, आणि त्या आईचा पुण्यात घरून लोणची करून विकण्याचा व्यवसाय होता. म्हणजे ही गोष्ट आपल्याच माणसांची. सिनेमातल्या न्यूयॉर्कच्या क्लासमध्ये शिक्षक शशीला ‘आंत्रप्रेन्युअर’ म्हणतात, आणि तो एक शब्द ऐकून ती रस्त्याने ताठ मानेने चालते.

पण मला उद्योजकांना दाखवायचा आहे तो त्यातला कॅफेचा प्रसंग. शशी काउंटरवर अडखळते, मागची रांग वैतागते, काउंटरवरची बाई तिला तोडून बोलते आणि शशी रडत बाहेर पडते. आता धंदेवाल्याच्या नजरेने बघा. त्या काउंटरवरच्या बाईचं इंग्रजी कसं होतं? एकदम फर्डं. तिला कुणी स्पोकन इंग्लिशचा क्लास सुचवणार नाही. तरीही त्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं.

आपण सगळे स्वतःला शशीच्या जागी बघतो. मी म्हणतो, एकदा काउंटरच्या त्या बाजूलाही उभं राहून बघा. आपल्या तुटक इंग्रजीने समोरच्याला कसं वाटत असेल?

आदर हरवतो कुठे?

मराठीत आपण सहसा ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ म्हणत नाही. दुकानात कुणी "कृपया मला पाव किलो शेंगदाणे द्या" म्हणालं तर आपण वळून बघू. पण म्हणून मराठी माणूस उद्धट ठरत नाही, कारण आपला आदर क्रियापदातच बसलेला असतो. ‘ये’ आणि ‘या’, ‘पाठव’ आणि ‘पाठवा’, ‘बस’ आणि ‘बसा’. एक काना आला की मान आला. वर ‘अहो’, ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’ आहेतच.

इंग्रजीत हा काना नाही. ‘पाठव’ पण ‘सेंड’ आणि ‘पाठवा’ पण ‘सेंड’. तुम्ही मनात अगदी आदराने म्हणता, "ॲड्रेस पाठवा, साहेब." मोबाइलवर लिहिता, "सेंड ॲड्रेस." तिकडे ते "ॲड्रेस पाठव" असं पोहोचतं. आदर तुमच्या मनात होता, वाटेत गळून पडला. तुम्हाला पत्ताच नाही.

तो आदर परत भरायचा कुठे? इंग्रजीत तो क्रियापदाच्या शेवटी बसत नाही, वाक्याच्या सुरुवातीला बसतो. ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘मे आय’. हुकमाचा प्रश्न झाला की समोरच्याला वाटतं, आपल्याला निवड दिली आहे. "कुड यू सेंड मी युअर ॲड्रेस?" एवढ्या दोन शब्दांनी ‘पाठव’चं ‘पाठवाल का’ होतं.

आणि हे ‘कुड’, ‘वुड’ काही परकं नाही बरं का. सावकाराकडे, सरपंचाकडे, साहेबाकडे गेल्यावर आपण काय म्हणतो? "जरा एक काम होतं." काम तर आत्ता आहे, मग ‘होतं’ का म्हणतो? "थोडं बोलायचं होतं" असं का? कारण भूतकाळात टाकलं की मागणी मऊ होते. इंग्रजी ‘कॅन’चं ‘कुड’ आणि ‘विल’चं ‘वुड’ करते, त्यामागे हीच रीत आहे. तुम्हाला युक्ती येते. फक्त भाषा बदलली की वापरायची राहून जाते.

शब्द बदलणं आपल्या रक्तात आहे

"एकाच गोष्टीला वेगवेगळं म्हणायचं कशाला? सरळ बोलावं," असं काही जण म्हणतात. पुणेरी पाट्यांचा अभिमान असलेल्या जिल्ह्यात हे ऐकायला मिळणारच! पण जरा आठवून बघा. रात्री दुकानदार दुकान ‘बंद करतो’ म्हणत नाही, ‘वाढवतो’ म्हणतो. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. पाहुणा निघताना "जातो" म्हणाला तर आजी लगेच अडवते, "जातो नाही रे, येतो म्हण."

गोष्ट तीच, शब्द दुसरा, आणि त्या शब्दामागे समोरच्याच्या मनाचा विचार. आपल्या बाजाराची ही जुनी शिकवण आहे. इंग्रजीत तेवढंच करायचं आहे, त्यात नाटकीपणा काही नाही.

रोजची वाक्यं: आधी ही बदला

आता कामाचं बोलू. खालची वाक्यं आपण मराठीत विचार करून इंग्रजीत टाकतो. मराठीत ती छान आहेत, इंग्रजीत खडे लागतात.

१. "बोला, साहेब." हे आपलं किती गोड आहे! पण त्याचं "येस, टेल" झालं की "हं, बोल लवकर" असं लागतं. त्याऐवजी: "गुड मॉर्निंग, हाऊ कॅन आय हेल्प यू?" गिऱ्हाईक नेहमीचं असेल तर: "गुड टू हिअर फ्रॉम यू, सर. व्हॉट कॅन आय सेंड यू टुडे?"

२. "काय पाहिजे?" याचं "व्हॉट यू वॉन्ट?" करू नका. "व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" किंवा "व्हिच वन वुड यू लाइक टू सी?"

३. "थांबा जरा." नुसतं "वेट" म्हणजे दारात उभं करणं. "जस्ट अ मोमेंट, प्लीज. आय अ‍ॅम चेकिंग द स्टॉक." थांबण्याचं कारण दिलं की माणूस आनंदाने थांबतो.

४. "बघतो." याचं "आय विल सी" केलं की इंग्रजीत टाळाटाळ वाटते. मराठीतही वाटते, खरं सांगायचं तर! "लेट मी चेक अँड कॉल यू बाय फाइव्ह." आणि पाचला फोन करा.

५. "काय म्हणालात?" फोनवर नुसतं "व्हॉट?" नको. "सॉरी, आय मिस्ड दॅट. कुड यू से इट वन्स मोअर?" ताम्हिणीकडे रेंजची बोंब असते, तिथे हे वाक्य रोज लागेल. "द लाइन इज नॉट क्लिअर, मे आय कॉल यू बॅक?" हेही पाठ असू द्या.

६. "समजलं का?" यातलं "अंडरस्टूड?" हे मास्तरांनी छडी घेऊन विचारल्यासारखं आहे. बोट स्वतःकडे वळवा: "डिड आय एक्सप्लेन दॅट क्लिअरली?" अर्थ तोच. फक्त समजलं नसेल तर दोष तुमच्या सांगण्याकडे येतो, त्याच्या डोक्याकडे जात नाही.

७. "मी आधीच सांगितलं होतं." "आय ऑलरेडी टोल्ड यू" म्हणजे भांडणाची सुरुवात. "लेट मी शेअर द डिटेल्स अगेन, सो दे आर इन वन प्लेस." तुम्ही बरोबर होतात हे सिद्ध करून एक रुपया मिळत नाही.

८. ‘डिअर’. महिला गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर "हाय डिअर" लिहिणारे अजूनही सापडतात. पत्राच्या वरचं ‘डिअर मॅडम’ वेगळं आणि हे वेगळं. हे सलगीचं लागतं. "हॅलो, मॅडम" पुरेसं आहे. नाव माहीत असेल तर नाव लिहा आणि स्पेलिंग तिने लिहिलंय तसंच ठेवा.

‘थँक्यू’ शिळं का होतं?

इंटरनेटवर ‘थँक्यू म्हणायच्या शंभर पद्धती’ अशा याद्या भरपूर आहेत. माझा त्यांना विरोध आहे. दोन किलो तांदूळ घेणाऱ्याला "आय एक्स्टेंड माय हार्टफेल्ट ग्रॅटिट्यूड" असं पाठवलं तर तो हसेल तरी किंवा घाबरेल तरी. लग्नाचा शेला अंगावर घेऊन दूध आणायला गेल्यासारखं ते दिसतं.

वाक्य ताजं होतं ते त्यात एक खरी, नेमकी गोष्ट घातल्याने. नुसतं "थँक्यू" शिळं आहे, कारण ते कुणालाही पाठवता येतं. आता हे बघा:

"थँक यू फॉर ऑर्डरिंग अगेन. युअर फाइव्ह केजी आंबेमोहोर विल रीच यू बाय सॅटर्डे मॉर्निंग."

"थँक्स फॉर कमिंग ऑल द वे इन दॅट रेन. आय होप द चिल्ड्रन एन्जॉइड द भजी."

"थँक्स फॉर सेंडिंग द ड्रॉइंग सो क्विकली. इट सेव्ह्ड अस अ डे."

यात एकही भारी शब्द नाही. पाचवी-सहावीचं इंग्रजी आहे. पण वाचणाऱ्याला कळतं की हा मेसेज मलाच लिहिलाय, माझा पाऊस, माझी मुलं, माझं ड्रॉइंग यात आहे. दुसऱ्या कुणाला तो फॉरवर्ड करता येणार नाही. हीच ताजेपणाची कसोटी समजा.

‘सॉरी’ आणि रेल्वे स्टेशन

पुणे स्टेशनवर गाडी उशिरा असली की दिलगिरीची घोषणा होते. तिच्यातलं ‘असुविधेबद्दल खेद’ ऐकून आजवर तुमचा राग गेला का? नाही गेला, कारण ती रेकॉर्ड आहे हे आपल्याला माहीत आहे. "इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड" हे वाक्य आपल्या डब्याच्या, केकच्या, होमस्टेच्या मेसेजमध्ये शिरलं की आपणही रेकॉर्ड होतो.

तक्रारीला उत्तर देताना चार गोष्टी लिहा: काय झालं, दिलगिरी, आता काय करतोय, आणि केव्हापर्यंत. समजा तुमच्या होमस्टेत रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर चालला नाही आणि पाहुण्याने गुगलवर दोन स्टार दिले. नुसतं "सॉरी सर" लिहिलं तर कुणी वाचणार नाही. उलट "इट वॉज रेनिंग, व्हॉट कॅन वी डू" लिहिलं तर पुढचे दहा पाहुणे वाचतील आणि येणार नाहीत. असं लिहून बघा:

"यू आर राइट, द लाइट्स वेअर ऑफ फॉर थ्री अवर्स अँड अवर इन्व्हर्टर फेल्ड. आय अ‍ॅम सॉरी युअर फॅमिली हॅड टू सिट इन द डार्क. वी हॅव रिप्लेस्ड द बॅटरी, अँड एव्हरी रूम नाऊ हॅज अ चार्जिंग लॅम्प."

सुरुवात ‘यू आर राइट’ने झाली हे लक्षात घ्या. मात्र एक अट आहे. बॅटरी खरंच बदललेली असली पाहिजे. वाक्य गोड आणि काम तसंच, असं झालं तर पुढच्या पावसात तोच पाहुणा एक स्टार देईल.

‘नीडफुल’, ‘रिव्हर्ट’ आणि मंडळी

आपलं ऑफिसचं इंग्रजी आलं कुठून? एक तर शाळेतून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० सालापासून. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला भेटायचं आणि बरंचसं भाषांतराच्या वाटेने यायचं. मराठी वाक्य घ्यायचं, शब्दाला शब्द ठेवायचा. दुसरं, ते आलं सरकारी अर्जांतून. ‘विथ रिस्पेक्ट टू द अबव्ह सब्जेक्ट, आय बेग टू से’ हे ज्यांनी लिहिलंय त्यांनी हात वर करा!

‘किंडली डू द नीडफुल’ त्याच घराण्यातलं. इंग्रजांच्या काळचं कारकुनी इंग्रजी. त्यांच्याकडे ते आता फारसं कुणी वापरत नाही, आपण मात्र जपून ठेवलं. ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे आपल्याकडे ‘उत्तर द्या’. परदेशी माणसाला मात्र त्यातून ‘पुन्हा पहिल्या स्थितीत जा’ असा अर्थ दिसतो. ‘गुड नेम’ हे ‘शुभ नाम’चं शब्दशः रूप.

हे भारतीय इंग्रजी आहे, त्याची लाज वाटण्याचं कारण नाही. ‘प्रीपोन’ हा भारतात रूढ झालेला शब्द आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे. चेन्नईच्या मॅनेजरला ‘नीडफुल’ नक्की कळेल. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय, ते लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं! पीओ पाठवायची आहे? सही करायची आहे? ॲडव्हान्स टाकायचा आहे? नम्रतेच्या नावाखाली आपण काम सांगायचंच टाळतो, आणि समोरचा करत नाही म्हणून वाट बघत बसतो.

"किंडली डू द नीडफुल"च्या जागी: "कुड यू साइन पेज टू अँड सेंड इट बॅक बाय वेनस्डे?"

"प्लीज रिव्हर्ट"च्या जागी: "प्लीज लेट मी नो व्हिच साइज यू प्रिफर, सो आय कॅन स्टार्ट कटिंग ऑन मंडे."

हे अधिक सभ्य आहे, कारण समोरच्याला डोकं खाजवावं लागत नाही. त्याचा वेळ वाचवणं हीसुद्धा नम्रताच.

पैसे मागताना

आता सगळ्यात नाजूक जागा. माल दिला, बिल दिलं, पैसे येत नाहीत. इथे आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक जण महिनाभर "सर, किंडली लुक इन्टू" एवढंच लिहीत राहतो. दुसरा एके दिवशी भडकून "व्हेअर इज माय मनी?" लिहितो. पहिल्याचे पैसे अडकतात, दुसऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं. मधली वाट तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी, तारीख उलटल्यावर दोन दिवसांनी: "गुड मॉर्निंग सर. इन्व्हॉइस ११४ फॉर रुपीज ३८,५०० वॉज ड्यू ऑन १० जून. कुड यू चेक इफ इट हॅज बीन प्रोसेस्ड?" यात आरोप नाही. नंबर, रक्कम, तारीख आणि एक प्रश्न.

दुसरी पायरी, आठवड्याने: "आय अ‍ॅम फॉलोइंग अप ऑन इन्व्हॉइस ११४. इज देअर एनी डॉक्युमेंट यू नीड फ्रॉम अस टू रिलीज द पेमेंट?" कधी कधी खरंच एखादा कागद अडलेला असतो. नसेल, तर समोरच्याची सबब संपते.

तिसरी पायरी: "इन्व्हॉइस ११४ इज नाऊ थर्टी डेज ओव्हरड्यू. प्लीज कन्फर्म द पेमेंट डेट बाय फ्रायडे. वी विल बी हॅपी टू स्टार्ट युअर नेक्स्ट ऑर्डर वन्स धिस इज सेटल्ड." इथे ‘कुड’ गेलं बघा. जाणूनबुजून काढलंय. नम्रतेलाही गिअर असतात. प्रत्येक मेसेजला तोच सूर लावला तर समोरचा तो ऐकणंच सोडतो. म्हणून वाक्य बदलता यायला हवं. ऐकायला छान वाटावं हा फायदा आहेच, पण आपण एक पायरी पुढे आलो आहोत हे समोरच्याला कळावं, हा त्याहून मोठा.

आणि या तिसऱ्या पायरीमागे कायदा आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात, आणि लेखी करार केला तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तारीख ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागू होतं. यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना ही सोय नाही, हेही लक्षात असू द्या.

याची धमकी पहिल्याच मेसेजात देऊ नका. पण इन्व्हॉइसच्या तळाशी उद्यम नंबर आणि पेमेंटची मुदत छापून ठेवा. कागद बोलतो तेव्हा तुम्हाला आवाज चढवावा लागत नाही.

‘नाही’ कसं म्हणायचं?

"नॉट पॉसिबल" ही आपली दोन शब्दांची भिंत. गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय, रविवारी डिलिव्हरी मागतंय, तुम्हाला जमणार नाही. नाही म्हणा, जरूर म्हणा. पण भिंतीला एक दार ठेवा.

"आय कान्ट गो बिलो धिस प्राइस, बट आय कॅन गिव्ह यू फ्री डिलिव्हरी अप टू भूगाव."

"संडे इज डिफिकल्ट फॉर अस. वुड मंडे बिफोर टेन वर्क फॉर यू?"

"वी डोन्ट मेक एगलेस केक्स यट. आय कॅन गिव्ह यू द नंबर ऑफ समवन हू डज." या शेवटच्या वाक्याला लोक घाबरतात, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायचं म्हणजे काय! पण ज्याने आपल्याला खरं सांगितलं त्याच्याकडे माणूस पुन्हा येतो. शिवाय तो दुसरा केकवाला उद्या तुमच्याकडे पाठवेल.

आणि जिथे दार नाही तिथे खोटं दार काढू नका. "आय विल ट्राय" म्हणून आठवडाभर टांगून ठेवण्यापेक्षा "आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट टेक धिस ऑर्डर, आय डिडन्ट वॉन्ट टू कीप यू वेटिंग" हे कितीतरी सभ्य.

दोन आक्षेप

पहिला: "सर, आपण महाराष्ट्रात आहोत, मराठीत का बोलू नये?" बोलायलाच पाहिजे! समोरचा मराठी असेल तर इंग्रजीची गरज काय? पौडच्या माणसाने भुकूमच्या माणसाला "युअर ऑर्डर इज कन्फर्म्ड" लिहिणं मला विचित्रच वाटतं. आणि परराज्यातून आलेल्यालाही सुरुवात "नमस्कार"ने करा. इतका सुंदर शब्द आपल्याकडे असताना ‘हाय’ कशाला? इंग्रजी फक्त तिथे, जिथे तिच्याशिवाय गाडी अडते. पण जिथे वापराल तिथे नीट वापरा.

दुसरा: "आता एआय सगळं लिहून देतं, मग शिकू कशाला?" व्याकरण ते नक्कीच नीट करतं. तुमचं कच्चं वाक्य त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायलाही हरकत नाही. पण नुसतं "पोलाइट मेसेज लिही" सांगितलं की बहुतेक वेळा "आय होप धिस मेसेज फाइंड्स यू वेल" हेच येतं, आणि तुमच्या शेजारच्या दुकानदारालाही तेच येतं. स्टेशनवरची रेकॉर्ड परत आलीच की! त्या पाहुण्याच्या मुलांना भजी आवडली होती, हे त्या मशीनला माहीत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. तो एक तपशील तुम्हीच घालायचा.

गृहपाठ

आता मोबाइल उघडा. गेल्या महिन्यात पाठवलेले इंग्रजी मेसेज वर-खाली करून बघा आणि तुमची सगळ्यात जास्त वेळा आलेली पाच वाक्यं वहीत उतरवा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. यात हुकूम आहे का? हे कुणालाही पाठवता येईल असं आहे का? वाचल्यावर समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळेल का?

मग प्रत्येक वाक्याची दोन रूपं लिहा, एक नव्या गिऱ्हाइकासाठी, एक जुन्यासाठी. मोठ्याने वाचा. वाचताना जीभ अडखळली तर शब्द सोपा करा. तुमच्या तोंडी न बसणारं इंग्रजी तुमच्या मेसेजातही बसत नाही, गिऱ्हाइकाला ते उसनं वाटतं.

व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर ही वाक्यं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा, पण अर्धीच. "थँक यू फॉर ऑर्डरिंग..." इथपर्यंत साठवा आणि पुढची जागा रिकामी सोडा. ती रिकामी जागा दर वेळी हाताने भरा, त्या माणसाचं नाव, त्याचा माल, त्याची तारीख. पंधरा सेकंद लागतात.

एक आठवडा एवढंच करा. पाच वाक्यं, दहा रूपं. नवीन शब्द एकही पाठ करायचा नाही. पुढच्या व्हिडिओत आपण फोनवर भाव सांगण्याबद्दल बोलू, तोवर तुमची वही तयार ठेवा.

चला, येतो!